इंदूरला नव्याने आलेल्या ख्रिस्ती जोडप्यांसाठी: मंडळीत मेंटॉर जोडपं कसं शोधावं, आणि मग काय करावं

पीथमपूरच्या कारखान्यात किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत नोकरी, लग्नाला वर्ष-दोन वर्षं, आणि दोन्हीकडचे आईवडील नगर, जालना नाहीतर मिरजेला. अशी मराठी ख्रिस्ती जोडपी इंदूरच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सतत येत असतात. गावाकडे भांडण झालं की मावशी, आत्या, शेजारच्या पाळकीणबाई कुणीतरी मध्ये पडतं. इथे फ्लॅटचं दार लावलं की दोघंच. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आम्ही नवरा-बायको इथल्या मंडळीत मेंटॉर जोडप्याचं काम करतो, त्यामुळे लिहिलेलं सगळं एका बाजूचं आहे असंही समजायला हरकत नाही.

मेंटॉर जोडपं म्हणजे लग्नाला बरीच वर्षं झालेलं, मंडळीतलंच एक जोडपं. ते तुमच्याबरोबर ठरावीक काळ, साधारण नऊ महिने ते वर्षभर, महिन्यातून एकदा-दोनदा बसतं. ते समुपदेशक नसतात आणि पंच तर नसतातच. कोण बरोबर याचा निवाडा त्यांनी द्यायचा नसतो. त्यांचं लग्न जवळून बघायला मिळावं आणि तुमच्या लग्नाबद्दल मोकळं बोलायला एक जागा असावी, एवढाच हेतू. बायबलात याचं उत्तम उदाहरण प्रिस्किल्ला आणि अक्विला. तंबू शिवणारं जोडपं, रोममधून हाकललं गेलेलं, करिंथात नवखं, पुढे इफिसात पुन्हा नवखं. पौल त्यांच्या घरी राहून काम करत होता, आणि अपुल्लोसला काही शिकवायचं होतं तेव्हा त्यांनी सभास्थानात उभं राहून त्याची चूक काढली नाही, आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८. बदलीच्या गावात राहणाऱ्यांनी तो अध्याय एकदा या नजरेनं वाचावा.

आधी मंडळी, मग मेंटॉर

बरीच जोडपी उलटं करतात. कुणाच्या तरी ओळखीनं मेंटॉर आधी शोधतात आणि मंडळी नंतर. असं करू नका. मेंटॉर जोडपं कुणाला तरी उत्तर देणारं हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मंडळी.

गावाकडच्या पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घेऊन या. तुम्ही नगरकडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे असाल तर इंदूरची सीएनआय मंडळी तुम्हाला फार परकी वाटणार नाही. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, इंदूरला १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्यांनीच १८८७ मध्ये इथलं ख्रिश्चन कॉलेज काढलं. वेगवेगळ्या मुळांच्या अशा मंडळ्या पुढे एकत्र येत गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. उपासनेचा क्रम ओळखीचा वाटेल, फक्त सगळं हिंदीत. नगरला ‘सलाम’ म्हणत होतात, इथे दारातच ‘जय मसीह की’ ऐकू येईल. कॅथलिक असाल तर पॅरिशच्या फादरना भेटा. व्हॅटिकननं जून २०२२ मध्ये विवाहाच्या तयारीबद्दल जी मार्गदर्शिका काढली तिच्यात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतही जोडप्याची सोबत करावी असं स्पष्ट म्हटलं आहे, तेव्हा तुमची मागणी त्यांना नवलाची वाटणार नाही. स्वतंत्र किंवा पेंटेकॉस्टल मंडळीत जात असाल तर एक गोष्ट आधी बघा: पास्टरना प्रश्न विचारलेले चालतात का? जिथे चालत नाहीत तिथे मेंटॉरिंगही हुकूमशाहीच होतं.

दोन-तीन महिने नुसते जा. उपासना संपल्यावर लगेच स्कूटर काढू नका. चहाला थांबा, महिला संघात आणि तरुण संघात तोंड दाखवा.

कुणाला निवडायचं

मंडळीत ज्यांची साक्ष सगळ्यात जोरदार असते ते जोडपं आपोआप नजरेत भरतं. माझा सल्ला, त्यांना सोडून इतरांकडे बघा. चहाच्या वेळी ती काहीतरी सांगत असते, तेव्हा तो तिला वाक्य पुरं करू देतो का? तारीख चुकली म्हणून मध्येच तोडतो का? तो चारचौघांत तिच्या स्वयंपाकावर विनोद करतो का, आणि ती त्यावर हसते तेव्हा खरंच हसते का? ती त्याच्या कमी पगाराचा विषय दुसऱ्यांसमोर काढते का? मुलांबद्दल बोलताना ‘आमच्या मुलानं दोनदा वर्ष घालवलं’ असं सरळ सांगू शकतात का? ज्यांना आपल्या घरातली उणीव सांगता येते, त्यांच्यासमोर तुम्हालाही बोलता येईल.

भाषाही बघा. रोजचं काम हिंदीत भागतं, पण भांडण मराठीत होतं. ‘तुझ्या आईनं मला पाहुण्यांसमोर हिणवलं’ हे हिंदीत सांगताना अर्धं गळून जातं. दोघांपैकी एकजण झाबुआकडचा किंवा केरळचा असेल तर मात्र हिंदीच सगळ्यांना बरोबरीला आणते, आणि ते ठीक आहे.

आता कुणाला निवडू नये. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई यांना शक्यतो नको. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांना उद्या तुमच्या घरी बाप्तिस्मा करायचा असतो, परवा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत तुमच्याच दिराबरोबर बसायचं असतं, आणि तेरवा व्यासपीठावरून विवाहावर बोलायचं असतं. त्यांचा उपदेश ऐकताना ‘हे आपल्याबद्दलच’ अशी शंका एकदा आली की तुम्ही चर्चला जाणंच बंद करता. नातेवाईक नकोत. ऑफिसातला साहेब नको. घरमालक नको. विमा एजंट असलेलं किंवा साखळी विक्रीच्या धंद्यात असलेलं जोडपं कितीही प्रेमळ असलं तरी नको, कारण चौथ्या भेटीत पिशवीतून पॉलिसीचा कागद निघतो. कमिटीच्या निवडणुकीत ज्यांचा गट ठळक आहे तेही नकोत; तुमचं गुपित कुणाच्या तरी प्रचाराला उपयोगी पडायला नको.

विचारायचं कसं

पाळकांना आधी सांगा: ‘आम्हाला कुणीतरी मोठं जोडपं सोबतीला हवं, अमुक अंकल-आंटी चालतील का?’ त्यांना त्या घरातलं काही माहीत असेल तर ते तुम्हाला कारण न सांगताही दुसरं नाव सुचवतील. तेवढ्यावर समजून घ्या, खोदून विचारू नका.

मग दोघांनी मिळून जा. एकट्या बायकोनं आंटीला किंवा एकट्या नवऱ्यानं अंकलना विचारलं की सुरुवातच एका बाजूनं होते. सरळ म्हणा: ‘अंकल, आंटी, आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं. मोठं काही बिघडलेलं नाही. पण तुमच्याबरोबर महिन्यातून एकदा वर्षभर बसायला आवडेल. प्रार्थना करून, एकमेकांशी बोलून सांगा, घाई नाही.’ वर्षभर हा शब्द महत्त्वाचा. शेवट ठरलेला असेल तर मोठी माणसं हो म्हणायला घाबरत नाहीत. आणि ‘मोठं काही बिघडलेलं नाही’ हे खरं असेल तेव्हाच म्हणा. बिघडलेलं असेल तर त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचं स्वतःचं काही चाललेलं असतं.

पहिली भेट: फक्त नियम

वेळ शनिवारी संध्याकाळची बरी. रविवारी उपासनेनंतर सगळे भुकेले असतात, आणि पीथमपूरची बस धरणाऱ्याची सेकंड शिफ्ट असली तर आठवडाभर तो घरी येतो तेव्हा बायको झोपलेली असते. शिफ्टचा तक्ता पुढ्यात ठेवूनच तारखा लावा. दीड तास पुरे. पोहे, चहा एवढंच. आंटींना स्वयंपाकात अडकवलं तर त्या बोलण्यात कधी बसणार?

पहिल्या भेटीत प्रश्न काढू नका, नियम ठरवा. त्यातला गुप्ततेचा नियम सगळ्यांत जड आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. इंदुरातली मराठी ख्रिस्ती घरं मोजकी. कुणाची तरी जाऊ कुणाच्या तरी मावसबहिणीची नणंद असतेच. इंदुरात रविवारी बोललेलं बुधवारपर्यंत नगरच्या ओट्यावर पोचतं, तेही मीठमसाला लावून. आणि आपल्याकडे बातमी फुटते ती बहुतेक वेळा चहाडीच्या वाटेनं नाही, प्रार्थनेच्या वाटेनं. ‘त्या अमुक जोडप्यासाठी प्रार्थना करा हं, कठीण काळातून चाललेत’ असं महिला संघात कुणी भावनेच्या भरात म्हणतं आणि पुढच्या रविवारी तुमच्याकडे सगळे हळव्या डोळ्यांनी बघतात. त्यामुळे नियम असा करा: तुमचं नाव घेऊन कुठेही प्रार्थनेचा विषय द्यायचा नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, गृहप्रार्थनेत नाही, नाव न घेता ‘एक तरुण जोडपं’ असंही नाही, कारण तरुण जोडपी आहेतच किती? पाळकांना फक्त एवढं कळलं पाहिजे की भेटी चालू आहेत. तुमच्या आईवडिलांचा फोन अंकलना आला तर अंकलचं उत्तर एकच: ‘ते तुम्ही त्यांनाच विचारा.’ हे त्यांना पहिल्याच दिवशी मोठ्यानं म्हणायला लावा. हसत हसत म्हणतील, पण म्हणू द्या.

या नियमाला अपवाद आहेत, तेही त्याच दिवशी ठरवायचे. मारहाण, जीव देण्याची भाषा, मुलांना धोका. यांतलं काही पुढे आलं तर मेंटॉर गप्प बसणार नाहीत, आणि हे तुम्हाला आधीपासून माहीत असेल.

बाकीचे नियम पटकन. पैसे उसने मागायचे नाहीत, कर्जाला जामीन राहायचं नाही. अंकल एकट्या बायकोशी किंवा आंटी एकट्या नवऱ्याशी फोनवर तासन् तास बोलणार नाहीत. चौघांचा एक ग्रुप पुरतो, आणि त्यात गुड मॉर्निंगची फुलं टाकायची नाहीत. स्क्रीनशॉट काढायचे नाहीत. कुणाही एकाला ‘मला थांबायचंय’ असं म्हणता येईल, कारण न देता.

मग बोलायचं कशावर

पैशापासून सुरू करा. प्रेम, संवाद, अपेक्षा असल्या गोल विषयांवर चौघंही दीड तास छान बोलतात आणि काहीच होत नाही. पैशाला आकडे असतात.

आम्ही करतो तो प्रकार असा. दोघांना वेगवेगळे कागद देतो. प्रत्येकानं न बघता लिहायचं: घरात महिन्याला हातात किती येतं, भाडं, गाडीचा हप्ता, किराणा, नगरला आईला किती, माहेरी किती, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग, मंडळीला द्यायचा) किती, मोबाइल, आणि ‘मी माझ्यावर करतो’ तो खर्च. मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे. भाडं आणि हप्ता दोघांचा जुळतो. सासरी-माहेरी जाणारा आकडा क्वचित जुळतो. आणि दशांशाच्या ओळीवर हमखास थांबायला होतं. एकजण एकूण पगारावर काढतो, दुसरी पीएफ कापून हातात येणाऱ्या रकमेवर. कधी कळतं की दशांश फक्त तिच्या पगारातून जातो, कारण त्याच्या पगारात हप्ते आहेत, आणि दशांशाच्या पाकिटावर नाव त्याचं. इथे मेंटॉरनं एकूण की हातातला याचा निकाल द्यायचा नाही. विचारायचं ते एवढंच: हे ठरलं कधी, आणि ठरवताना दोघं होतात का? बऱ्याचदा उत्तर असं की ठरलंच नव्हतं, आपोआप पडत गेलं.

दुसरा विषय दोन्हीकडचे आईवडील, आणि याची परीक्षा डिसेंबरात. नाताळ कुठे करायचा? तिकडे करंज्या-चकल्यांचा घाट, सगळी भावंडं, ३१ तारखेची रात्रीची उपासना. इकडे कारखान्यात सुट्टी दोन दिवसांची. हा निर्णय सप्टेंबरात घ्या, डिसेंबरात नको. तोवर गाड्याही भरतात आणि मनंही. आणि एक नियम आमच्या घरात आजही चालतो: आपल्या आईवडिलांना ‘या वर्षी जमत नाही’ हे आपणच सांगायचं, सुनेनं किंवा जावयानं नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आईबापांना सोडून बायकोशी जडून राहण्याचं सांगितलं आहे ते पुरुषाला. आपल्याकडे ते वचन लग्नात मोठ्यानं वाचतात आणि सोडून यायला मात्र मुलीलाच सांगतात.

काही भांडणं मिटणार नाहीत, हेही मेंटॉरकडून ऐकायला बरं वाटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचा अभ्यास केला आणि त्यांचा निष्कर्ष असा, की जोडप्यांतल्या मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के कायमचे असतात. तो शिस्तीचा, ती ऐसपैस. हे चाळीस वर्षांनीही तसंच. अंकल-आंटींना विचारा, तुमचं न मिटलेलं भांडण कोणतं? त्या दोघांनी एकमेकांकडे बघून एकच उत्तर दिलं तर समजा योग्य घरात आला आहात.

विश्वासाबद्दल. एकजण उपवास-प्रार्थनेत रमलेला आणि दुसऱ्याला रविवारची उपासनाही लांबलेली वाटते, असं पुष्कळ घरांत असतं. मेंटॉरनं इथे उत्साही बाजूला मिळू नये. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात ताटातूट, सोसणं, पुन्हा एकत्र येणं सगळं झालं. मराठी ख्रिस्ती माणसाला सबुरीसाठी बाहेरचं उदाहरण शोधायची गरज नाही. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर या भेटींत बाप्तिस्म्याचा विषय मेंटॉरनं काढूच नये. मध्य प्रदेशात धर्म बदलण्याबाबत २०२१ चा कायदा आहे, आगाऊ सूचनेपासून शिक्षेपर्यंत त्यात तरतुदी आहेत. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. सोबतीला बोलावून कुणाला दुसरीकडे ओढणं बरं नाही.

शरीरसंबंधांबद्दल बोलायला चौघं एकत्र नकोत. अंकल आणि नवरा बाल्कनीत, आंटी आणि बायको आत. पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात नवऱ्याचा आणि बायकोचा हक्क सारखाच सांगितला आहे, तेव्हा ‘बायकोचं कर्तव्य’ एवढंच सांगणाऱ्या मेंटॉरला तो अध्याय पुन्हा वाचायला द्यावा. ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न मेंटॉरनं कधीच विचारायचा नाही. मूल होत नसेल तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं, तपासण्या दोघांच्या.

घरी करायला एकच अभ्यास द्या-घ्या. कॅथलिक मंडळीत मॅरेज एन्काउंटर म्हणून जी चळवळ आहे, स्पेनमधल्या फादर गाब्रिएल काल्वो यांच्या कामातून निघालेली, तिच्यात एक साधी पद्धत आहे: दहा मिनिटं दोघांनी एकमेकांना लिहायचं, मग वह्या बदलून वाचायचं, आणि दहा मिनिटं बोलायचं. प्रोटेस्टंटांनी उचलायलाही काही हरकत नाही. शिफ्टवाल्या घरात तर ही फारच उपयोगी. वही फ्रिजवर ठेवून जाता येते.

जे मेंटॉरचं काम नाही

मारहाण होत असेल तर मेंटॉरच्या घरी पोहे खात बसायचं नाही. ‘सहन कर, प्रभू बदलेल’ असं सांगणारं माणूस कितीही आत्मिक असलं तरी तिथून उठा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि शहरातलं वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ख्रिस्ती बायकांनाही तितकाच लागू आहे, आणि त्याखाली राहत्या घरात राहण्याचा आदेश मागता येतो. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून ‘दोघांचं ऐकून घेऊ’ हा प्रकार धोक्याचा आहे, कारण भेटीत ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते.

दारू किंवा जुगाराचं व्यसन, सतत उदासी, झोप उडणं, जीव नकोसा वाटणं, हे डॉक्टरचं काम. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. प्रार्थना जरूर करा, गोळ्या बंद करू नका. वेगळं होण्यापर्यंत आलं असेल तर वकील. ख्रिस्ती घटस्फोटाला १८६९ चा कायदा लागतो आणि परस्परसंमतीची सोय त्यात २००१ च्या दुरुस्तीनं आली, पण यातले बारकावे अंकलना विचारू नका. अंकलना ते माहीत नसतात, आणि माहीत आहेत असं वाटणारे अंकल जास्त त्रासाचे.

थांबायचं कसं

नऊ महिने किंवा वर्ष झालं की थांबा, छान चाललं असलं तरी. दोन-तीन भेटींतच जमत नाही असं दिसलं तर तेव्हाच थांबा. पाळकांना ‘वेळा जमेनात’ एवढं सांगितलं तरी ते समजतात. मेंटॉरनं घरावर हक्क सांगायला सुरुवात केली, कुठली कार घ्यावी, आईला का बोलावलं, तर ती थांबायची दुसरी खूण.

शेवटच्या भेटीत पैशाचे कागद, नोंदी काही राहिलं असेल तर परत घ्या आणि त्यांच्यासमोरच फाडा. चौघांचा ग्रुप बंद करा. नंतर रविवारी भेटाल तेव्हा मुलाबाळांचं, हवापाण्याचं बोला. आंटींनी सगळ्यांसमोर ‘आता बरंय ना?’ विचारलं तर ‘हो’ म्हणून पुढे चला.

आणि वर्षाच्या आत पाळकसाहेब येऊन म्हणतील, आता तुम्हीच एखाद्या नव्या जोडप्याला घ्या. नाही म्हणा. निदान पहिलं मूल रात्रभर झोपायला लागेपर्यंत.